हाळीच्या बाजारात बेथोव्हेन

कॉन्चेर्टो म्हणजे एकट्या वादकाची आणि वाद्यमेळाची मिळून रचना. बेथोव्हेननं व्हायोलिनसाठी पुरा केलेला कॉन्चेर्टो एकच, आणि तो 1806 सालचा. सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाला हरवलं त्याला तेव्हा शेहेचाळीस वर्षं होऊन गेली होती. म्हणजे इथल्या किल्ल्याच्या हिशेबानं हे संगीत तसं परवाचंच. एकट्या वादकाची एक मोकळी जागा सोडली तर त्यातला सूर न् सूर छापून ठेवलेला आहे. कुठं हळू, कुठं जोरात, कुठं दम घ्यायचा, सगळं कागदावर. तरीही दरसाल कुणी ना कुणी नामांकित वादक तोच कॉन्चेर्टो नव्यानं रेकॉर्ड करतो आणि जाणकार मंडळी त्यावर शेताच्या बांधावरून भांडावं तशी भांडतात. हे उदगीरमध्ये कुणाला सांगितलं तर पहिला प्रश्न ठरलेला: "एकदा वाजवून ठेवलंय की ओ! परत तेच काय वाजवायलेत?" प्रश्न वरवर बिनतोड आहे. तो विचारायचा अधिकारही जगात पुष्कळांना असेल. उदगीरकराला मात्र नाही, एवढंच मला इथं सिद्ध करायचं आहे. एप्रिल 2022 मध्ये 95वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या गावात भरलं. संमेलन म्हटलं की सीमाप्रश्नाचा ठराव आलाच, आणि "तोच ठराव परत काय मांडायलाव?" असं कुणी उठून विचारल्याचं ऐकिवात नाही. शिवाय हा लातूर जिल्हा. एकच प्रश्न दहा सराव परीक्षांत सोडवून घेणारा 'लातूर पॅटर्न' आपण साऱ्या महाराष्ट्राला शिकवला. पुनरावृत्तीला नाक मुरडण्याचा हक्क आपण स्वखुशीनं सोडून दिलेला आहे.

अर्थात पुनरावृत्ती सोसणं वेगळं आणि तिच्यात रस घेणं वेगळं. रस घेण्याचा पुरावा हवा असेल तर याच तालुक्यातल्या हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात जावं. देवणी जातीचं जनावर कसं दिसावं हे ठरलेलं आहे. सगळं अंग पांढरं तो बाळंक्या, पांढऱ्या अंगाला तोंडाच्या दोन्ही बाजूंनी काळा रंग तो वानेरा, अंगावर वेडेवाकडे काळे डाग तो शेवेरा. पुण्याहून आलेल्या पाहुण्याला दावणीला ओळीनं बांधलेले चाळीस बैल म्हणजे एकच बैल चाळीस वेळा बांधलेला दिसतो. गिऱ्हाईक मात्र दात बघतं, खूर बघतं, खांदा दाबून बघतं, चार पावलं चालवून मागून बघतं, मग उपरण्याखाली बोटं धरून भाव करतं आणि शेवटी काहीच न घेता घरी येतं. पुढच्या बाजाराला ते पुन्हा हजर. "बैल तर मागंच बघितले, आता काय बघायलाव?" असं त्याला त्याची बायको म्हणत असेल, दुसरं कुणी म्हणत नाही. या माणसाला बारीक फरक कळतो, कारण जातीचं रूप पक्कं ठरलेलं आहे. दावणीला एक बैल, एक उंट आणि एक जिराफ बांधला असता तर तिथं बोलण्यासारखं काहीच उरलं नसतं. लोकांनी फोटो काढले असते आणि निघून गेले असते. कॉन्चेर्टोचे सूर छापून पक्के केलेले असतात ते वादकाला जखडून ठेवण्यासाठी नव्हे, ऐकणाऱ्याला भांडायला पक्की जमीन मिळावी म्हणून, असं माझं मत आहे. बेथोव्हेनचा तसा हेतू नसेल, पण परिणाम तोच झाला.

आता या जमिनीवर कसकसे फरक उगवतात ते पाहा. या कॉन्चेर्टोची सुरुवात व्हायोलिननं होत नाही. टिंपनी नावाच्या नगाऱ्यावर पाच ठोके पडतात, हलके, एकाच सुराचे. पाचव्या ठोक्यापर्यंत बाकी वाद्यमेळ गप्प. पाच ठोक्यांत करण्यासारखं काय असणार? तरीही कुणी ते दारावर सभ्यपणे टकटक केल्यासारखे देतो, तर कुणाचे ऐकून वॉरंट घेऊन आल्याचा भास होतो, आणि पुढचा पाऊण तास कसा जाणार याचा अंदाज तिथंच येतो. मग गती. व्हायोलिनवादक हायफेट्झनं 1955 साली वाद्यमेळ चालवणाऱ्या शार्ल म्युंशबरोबर हा कॉन्चेर्टो रेकॉर्ड केला. त्यात पहिला भाग साधारण एकवीस मिनिटांच्या आत उरकतो. 1979 साली सोळा वर्षांच्या आन-सोफी मुटरनं कारायान या संचालकाबरोबर तोच भाग वाजवला, त्याला सव्वीसच्या आसपास मिनिटं लागली. एकट्या वादकाची ती मोकळी जागा सोडली तर दोघांत एकही सूर कमी-जास्त नाही. मग ही पाचेक मिनिटं गेली कुठं? माझ्या मते हायफेट्झला पुढं कुठं तरी जायचं आहे आणि कारायानला कुठंच जायचं नाही. मुलगी बिचारी मोठ्यांच्या वेळापत्रकानं चालली आहे. हे मत कुणाला अन्यायाचं वाटेल. वाटू दे, त्यासाठीच ते दिलं आहे.

तिसरा फरक उभं राहण्याचा. या कॉन्चेर्टोत वाद्यमेळ आधी जवळजवळ तीन मिनिटं एकट्यानं वाजवतो आणि ज्याच्या नावावर तिकिटं खपली तो वादक तोवर व्हायोलिन धरून नुसता उभा. आपल्याकडच्या कुठल्याही व्यासपीठावर सत्कारमूर्तीला तीन मिनिटं माईकशिवाय उभं करून पाहावं. चौथ्या मिनिटाला आयोजक बदललेले असतील. सारासाते या स्पॅनिश व्हायोलिनवादकाबद्दल असं सांगतात, की ब्राम्सचा कॉन्चेर्टो वाजवायला त्यानं नकार दिला, कारण मधल्या संथ भागातली एकमेव गोड चाल ओबो नावाचं वाद्य वाजवणार आणि आपण व्हायोलिन हातात धरून ती ऐकत उभं राहायचं, हे त्याला मान्य नव्हतं. युरोपात हा किस्सा त्याच्या अहंकाराचा नमुना म्हणून सांगितला जातो. मराठवाड्यात त्याला लोकांनी संपूर्ण सहानुभूती दिली असती. पण रेकॉर्डिंगची गंमत इथंच कळते. चांगला वादक त्या वाट पाहण्यातून बाहेर येताना जो पहिला सूर लावतो, त्यात वाट पाहिल्याची खूण असते; वाईट वादकाच्या पहिल्या सुरात नुसतं "हं, झालं का तुमचं?" एवढंच असतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो आपल्या संगीतातल्या लोकांकडून. ते म्हणतात, त्यांच्याकडं लिहिलेलं वाजवतात, आमचा कलावंत दर वेळी नवं निर्माण करतो. आमच्याकडं तुलनेला अर्थ आहे, त्यांच्याकडं ती नकलांची तुलना. हे खरं असतं तर नोव्हेंबर 2015 मध्ये महाराष्ट्रानं जे केलं त्याला काय म्हणायचं? 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक 1967 चं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, आणि खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे. त्याचा सिनेमा आला आणि आयुष्यात कधी रागाचं नाव न घेतलेली माणसं बसस्टँडवर, सलूनमध्ये, लग्नाच्या पंगतीत तीच पदं दोन पिढ्यांच्या गळ्यांतून जोखू लागली. चाल ठरलेली, शब्द ठरलेले, खटका कुठं घ्यायचा तेसुद्धा बऱ्यापैकी ठरलेलं. तरी "वसंतरावांची सर नाही" हा निकाल काहींनी सिनेमा बघण्याच्या आधीच देऊन ठेवला होता. याला रेकॉर्डिंगची तुलना म्हणत नाहीत तर काय? नाट्यसंगीतावर पोसलेल्या माणसाला कॉन्चेर्टो समजायला फारसं नवं शिकावं लागत नाही. रचनाकाराचं नाव ठरलेलं, चाल ठरलेली, आणि मध्ये एक जागा अशी, की जिथं बाकीचे थांबतात आणि गवई आपली ताकद दाखवतो. त्या जागेला तिकडं कादेन्झा म्हणतात. तिथं वाद्यमेळ मुकाट होतो आणि व्हायोलिनवाला एकटा सुटतो. बेथोव्हेननं या कॉन्चेर्टोच्या व्हायोलिनसाठी कादेन्झा लिहूनच ठेवली नाही, त्यामुळं ती जागा दोनशे वर्षं मोकळ्या प्लॉटसारखी पडून आहे आणि तिच्यावर व्हायोलिनवादक योआखिमनं बांधलं, क्रायस्लरनं बांधलं, पुढं रशियन संगीतकार श्निट्केनं तर पुढच्या काळातल्या कॉन्चेर्टोंचे तुकडे आणून बांधलं. व्हायोलिनवादक गिडॉन क्रेमरनं ही शेवटची कादेन्झा रेकॉर्ड केली तेव्हा युरोपातल्या सभ्य लोकांनी जो आरडाओरडा केला, तो आपल्याकडं नाट्यपदात भलत्याच रागाची तान आली की तिसऱ्या रांगेतून येतो त्याच जातीचा होता.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. "ते साहेबाचं संगीत, आपल्याला काय कळायलंय त्यातलं." हे वाक्य ज्या भजनी मंडळात उच्चारलं जातं तिथं बहुधा पेटी वाजत असते, आणि पेटीचं मूळ फ्रान्समधलं. आकाशवाणीनं 1940 साली ती परकी आणि आपल्या सुरांना न झेपणारी म्हणून हद्दपार केली, ती 1971 मध्ये कुठं परत आली. त्या तीस वर्षांत गावच्या भजनात ती एक दिवससुद्धा बंद पडली नाही. व्हायोलिन तर त्याहून मुरलेलं. श्रीधर पार्सेकर, गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार ही सगळी नावं आपली. आणि ज्याला व्हायोलिनशी काही देणंघेणं नाही त्यानंही एका व्हायोलिनशिक्षकाचं नाव आयुष्यात हजार वेळा मोठ्यानं उच्चारलेलं आहे. 'अमर अकबर अँथनी' मध्ये (1977) अमिताभ भल्या मोठ्या अंड्यातून बाहेर येतो आणि स्वतःचं जे नाव सांगतो, ते संगीतकार प्यारेलाल यांच्या गुरूंचं. अँथनी गोन्साल्विस हे गोव्यातल्या माजोर्ड्याचे. सिनेमाच्या वाद्यमेळात वाजवणाऱ्या या माणसानं 1958 साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात शंभरावर वादकांचा वृंद उभा करून रागांवर आधारलेलं सिम्फनीच्या घाटाचं संगीत सादर केलं, सारंग रागावर कॉन्चेर्टो रचला. ते पुढं चाललं नाही. लोकांनी त्यांचं नाव घेतलं ते अंड्यातून. 'छाया' मधलं (1961) तलत-लताचं ते गाजलेलं द्वंद्वगीत मोट्झार्टच्या चाळिसाव्या सिम्फनीच्या सुरावटीवर उभं आहे. ते गुणगुणत दाढी करणाऱ्यानं "आपल्याला मोट्झार्ट कळत नाही" असं म्हणणं म्हणजे निव्वळ विनय.

परकेपणाच्या आक्षेपात एक खरा मुद्दा दडलेला आहे, तो टाळून चालणार नाही. आपण व्हायोलिन ऐकतो ते गळा म्हणून. शास्त्रीय मैफलीत "गायकी अंगानं वाजवतात" ही सर्वांत मोठी पावती, आणि प्रभाकर जोगांचं 'गाणारं व्हायोलिन' घरोघरी पोचलं ते त्यातून शब्द ऐकू येतात म्हणून. म्हणजे व्हायोलिननं व्हायोलिन असल्याचं जितकं विसरायला लावावं तितकं आपण त्याला चांगलं म्हणतो. हा कान घेऊन ब्राम्स ऐकायला बसलं, की माणूस वाट बघत राहतो: शब्द कुठं आहेत? मुखडा कुठं आहे? कॉन्चेर्टोतलं व्हायोलिन गातं खरं, पण त्याला त्याहून जास्त वेळ साठ-सत्तर माणसांशी वाद घालायचा असतो. त्यांचं ऐकायचं, तोडायचं, अडवायचं, मनवायचं आणि प्रसंगी हरायचं. ही सवय लागायला वेळ जातो हे कबूल. पण ग्रामसभेला नियमानं हजेरी लावणाऱ्या माणसाला एकानं साठ जणांशी बोलण्याची कला अपरिचित असते, असं मात्र कुणी सांगू नये.

उलट आपला त्यांच्या व्हायोलिनवर थोडा हक्कच लागतो. यहुदी मेन्युइन हा व्हायोलिनवादक 1952 साली नेहरूंच्या बोलावण्यावरून भारतात आला, दुष्काळ निवारणासाठी त्यानं कार्यक्रम केले, आणि मुंबईत त्याची गाठ पुण्याच्या योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांशी पडली. खांदे आणि हात जड झालेल्या मेन्युइनला अय्यंगारांच्या आसनांनी इतका आराम पडला, की पुढं त्यानं त्यांना एक घड्याळ दिलं आणि त्यावर ते आपले सर्वोत्तम व्हायोलिनशिक्षक असल्याचं कोरून घेतलं. अय्यंगारांना व्हायोलिन वाजवता येत नव्हतं. शिष्यानं मात्र विद्या इतकी मनावर घेतली, की 1982 साली बर्लिन फिलहार्मोनिकच्या शताब्दीत त्यानं डोक्यावर उभं राहून पायांनी बेथोव्हेनची पाचवी सिम्फनी चालवून दाखवली. आता गंमत अशी, की याच मेन्युइननं फुर्टवेंग्लरबरोबर बेथोव्हेनचा कॉन्चेर्टो दोनदा रेकॉर्ड केला: एकदा 1947 साली लुत्सर्नला, आणि पुन्हा 1953 साली लंडनला. आणि मध्ये 1952. कॉन्चेर्टो तोच, वादक तोच, वाद्यमेळ चालवणाराही तोच. बदललं काय, तर दोन वाद्यमेळ, सहा वर्षं आणि पुण्याचे मास्तर. मराठी माणसानं दोन रेकॉर्डिंगची तुलना करायला याहून सोयीचा विषय कुणी आखून दिला असता का? दोन्ही लावावीत, बो उचलतानाचा हात दुसऱ्यात मोकळा वाटतो का ते ऐकावं, आणि वाटला तर त्याचं श्रेय शवासनाला द्यायचं की लंडनच्या माइक्रोफोनला, यावर हव्या त्या बाजूनं बोलावं. 1947 चं जास्त धगधगीत आहे असं म्हणणारेही पुष्कळ आहेत. त्यांना योगद्वेष्टे म्हणू नये.

तिसरा आक्षेप सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत आळशी: जुन्यांची सर नाही, मग नवी रेकॉर्डिंग ऐकायचीच कशाला? ज्या दिवशी जुनं नवं होतं त्या दिवशी लोक काय म्हणत होते हे पाहिलं की या आक्षेपाची हवा जाते. बेथोव्हेनचा हा कॉन्चेर्टो 23 डिसेंबर 1806 ला व्हिएन्नात फ्रांत्स क्लेमेंटनं पहिल्यांदा वाजवला, तालीम अपुरीच झाली होती असं सांगतात, आणि पुढची जवळजवळ चार दशकं तो क्वचितच कुणी वाजवला. 1844 साली लंडनमध्ये मेंडेलसोनच्या हाताखाली याच योआखिमनं, बारा वर्षांचा असताना, तो वाजवला तेव्हा लोकांच्या लक्षात आलं, की अरे, हे तर मोठं काम आहे. म्हणजे क्लेमेंटची सर पुढच्या कुणाला यायची नाही असं ठरवून टाकलं असतं, तर आज वाद घालायला कॉन्चेर्टोच उरला नसता. चायकोव्हस्कीचा कॉन्चेर्टो तर ज्या लेओपोल्ड आउअरसाठी होता त्यानं आधी वाजवायला नकार दिला. शेवटी ब्रोड्स्कीनं 1881 साली व्हिएन्नात तो वाजवला आणि हान्सलिक या दबदबा असलेल्या समीक्षकानं लिहिलं, की संगीताचासुद्धा वास मारू शकतो हे आता कळलं. अशा आशयाचं परीक्षण मराठी वर्तमानपत्रात आलं असतं तर लेखकाच्या घरावर मोर्चा गेला असता. आज तोच कॉन्चेर्टो जगभर लाडका आहे. 2016 मध्ये व्हायोलिनवादक पात्रिशिया कोपाचिन्स्काया आणि संचालक तेओदोर कुरेंत्झिस यांनी त्याचं रेकॉर्डिंग आणलं. त्यात ती कुजबुजते, ओरखडते, मधूनच अंगावर येते. अनेक जाणकारांनी नाकाला रुमाल लावला. हान्सलिकचं नाक जवळजवळ दीड शतक टिकून आहे, एवढंच त्यातून सिद्ध झालं.

चौथा आक्षेप ढोंगाचा, आणि त्यात दम आहे. डोळे बांधले तर या लोकांना काही कळेल का, असं विचारणाऱ्यांच्या बाजूनं शास्त्रही उभं राहिलं आहे. 2010 साली अमेरिकेत इंडियानापोलिसला एका हॉटेलच्या खोलीत एकवीस व्हायोलिनवादकांना वेल्डिंग करणाऱ्यांचे गॉगल घालून सहा व्हायोलिनं वाजवायला दिली. तीन नवी, तीन जुनी; जुन्यांत दोन स्ट्राडिव्हारीची आणि एक ग्वार्नेरीचं, किंमत कोट्यवधींची. वासावरून ओळखू नये म्हणून हनुवटीच्या टेकूखाली अत्तर लावलं होतं. बहुतेकांना जुनं-नवं सांगता आलं नाही, सर्वांत आवडलं ते एक नवं, आणि सर्वांत नावडतं ठरलं ते एक स्ट्राडिव्हारी. हा निकाल ऐकून टिंगल करणारे खूश होतात. पण त्या प्रयोगात पारख लागली ती वाद्याची, वाजवणाऱ्याची नव्हे. हाळीच्या बाजारात बैलाची झूल काढून ठेवली म्हणून चालणं कुणाला ओळखू येईनासं होत नाही. आणि ढोंग म्हणाल तर ते आहेच. मुखपृष्ठावरचं साल बघून मगच मान डोलवणारे आहेत. कुठलंही रेकॉर्डिंग लावलं की "व्हायोलिन जरा पुढं घेतलंय" असं म्हणून वेळ मारून नेणारे आहेत. हे वाक्य शंभरातल्या साठ रेकॉर्डिंगना लागू पडतं आणि बोलणाऱ्याला काहीही ऐकावं लागत नाही. व्हॉट्सअॅपवर आलेली लिंक न उघडताच "अप्रतिम!" लिहिणारे तर साहित्य, संगीत आणि श्रद्धांजली या तिन्ही प्रांतांत सारख्याच तत्परतेनं वावरतात. पण ढोंगावर उपाय गप्प बसणं हा नाही. ढोंगी माणसाला उघडं पाडायचं असेल तर त्याला फक्त एकच विचारावं: "दुसऱ्या भागात कुठं?" तिथं तो एक तर चहा मागवतो किंवा खरोखर ऐकायला लागतो. दोन्हीत फायदाच.

राहिला व्यवहाराचा आक्षेप: उदगीरला कुठं आलाय वाद्यवृंद? नाहीच. मुंबईत एनसीपीएला 2006 पासून 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' आहे, तो ऐकायचा तर बिदरहून येणाऱ्या गाडीत रात्र काढून नरिमन पॉइंट गाठायचा. पण म्हणूनच रेकॉर्डिंग उदगीरसाठी आहे. व्हिएन्नातल्या माणसाला ते लागतंच कशाला, तो पायी जाऊन ऐकून येतो. खरी अडचण सभागृहाची नाही, पंख्याची आहे. या संगीतात आवाजाचे चढउतार फार. बेथोव्हेनच्या संथ भागात व्हायोलिन इतकं हळू होतं, की मे महिन्यात कूलर चालू असेल तर पाच-सहा मिनिटं काही वाजतच नाही असं वाटतं. म्हणून आवाज वाढवावा तर तिसरा भाग सुरू होताच शेजारी विचारायला येतात. कोपाचिन्स्कायाचा चायकोव्हस्की तर उन्हाळ्यात उदगीरला उपलब्धच नाही असं धरून चालावं. यावर उपाय म्हणजे कॉन्चेर्टो डिसेंबर-जानेवारीत ऐकावेत, मेंडेलसोनच्या कॉन्चेर्टोपासून सुरुवात करावी, कारण तिथं व्हायोलिन लगेच सुरू होतं आणि पहिल्या दोन भागांच्या मध्ये बासून नावाचं एक वाद्य सूर धरून ठेवतं, त्यामुळं मध्येच उठून "संपलं का?" विचारायला फट सापडत नाही. उरलेले दहा महिने चर्चेला मोकळे राहतात. चर्चेला कूलरचा त्रास होत नाही.

आणि चर्चेला सध्या विषय तयार आहे. 2023 मध्ये व्हेरोनिका एबर्लेचं सायमन रॅटलबरोबरचं बेथोव्हेनचं रेकॉर्डिंग आलं. त्यात यॉर्ग विडमन यांनी नव्यानं रचलेल्या कादेन्झा आहेत आणि एकट्या व्हायोलिनच्या त्या राखीव जागेत टिंपनी आणि डबल बाससुद्धा घुसतात. मला त्या लांबल्यासारख्या वाटतात. विडमन यांना सुचलेलं काही टाकवत नाही. पण "कादेन्झात नगारा कसला बडवायलेत, हे आजकालचं थेर" असं जे म्हणतात त्यांच्याशी माझं जमणार नाही. 1807 साली क्लेमेंती या प्रकाशकाच्या सांगण्यावरून बेथोव्हेननं हाच कॉन्चेर्टो पियानोसाठी केला आणि त्या आवृत्तीला मात्र स्वतः कादेन्झा लिहिली. तिच्यात पियानोच्या जोडीला टिंपनी आहे. वोल्फगांग श्नायडरहाननं ती व्हायोलिनवर उतरवून 1962 मध्ये ऑयगेन योखुमबरोबर रेकॉर्ड केली, कोपाचिन्स्कायानं 2009 च्या रेकॉर्डिंगमध्ये आपल्या पद्धतीनं तेच केलं, टेट्झलाफ आणि इझाबेल फाउस्ट त्याच वाटेनं गेले. ज्या नगाऱ्यानं कॉन्चेर्टो सुरू होतो त्याला मधे एकदा बोलावून घ्यावं असं खुद्द मालकालाच वाटलं होतं. तेव्हा नगाऱ्याबद्दलची तक्रार यापुढं विडमन यांच्याकडं करू नये, बेथोव्हेनकडं करावी. आणि क्रायस्लरचीच कादेन्झा खरी असं ज्यांचं अजूनही म्हणणं असेल त्यांनी आधी श्नायडरहान पुरा ऐकावा, कूलर बंद करून, आणि मग यावं.